गुजरीतला टॉर्च, उद्यमनगरातला स्क्रू आणि काचेची नॅनोतार

घरापर्यंत इंटरनेट आणणाऱ्या फायबरचा एखादा टाकाऊ तुकडा घ्या आणि वरचं प्लास्टिक सोला. आत उरते ती १२५ मायक्रोमीटर जाडीची काच, साधारण एका जाड केसाएवढी. ही काच मधोमध तापवून दोन्ही बाजूंनी सावकाश ओढत गेलं, की मधला भाग एक मायक्रोमीटरच्याही खाली उतरतो. म्हणजे ज्या प्रकाशाला वाट द्यायची, त्याच्या तरंगलांबीपेक्षाही ती वाट बारीक. तरीही एका टोकाला सोडलेला प्रकाश दुसऱ्या टोकाला जवळजवळ सगळा पोचतो.

कोल्हापुरात एमएस्सीच्या मुलांकडून मी हा प्रकल्प करून घेतो. पहिल्या वर्षी आमचा सगळा जीव तार बारीक कशी होईल यातच अडकला होता. बारीक तार तिसऱ्याच दिवशी झाली. पुढचे दोन महिने गेले ते झालेली तार टिकवण्यात. ओढायला चार मिनिटं लागतात. धुळीपासून, वाऱ्यापासून आणि आपल्याच बोटांपासून वाचवायला अख्खा प्रकल्प. म्हणून या लेखात ज्योतीच्या आधी डबा येतो. हा क्रम उलटा करू नका.

आधी थोडं कागदावर

साध्या फायबरमध्ये प्रकाश मधल्या ८-९ मायक्रोमीटरच्या गाभ्यातून जातो आणि भोवतालच्या काचेचा अपवर्तनांक किंचित कमी असल्यामुळे आतच राहतो. आपण फायबर ओढून बारीक करतो तेव्हा गाभाही त्याच प्रमाणात बारीक होतो. जाडी ५० मायक्रोमीटरच्या आसपास आली की गाभ्याला प्रकाश धरवत नाही. तो सगळ्या काचेत पसरतो, आणि मग त्याला आत ठेवायचं काम काच आणि हवा यांच्यातला फरक करतो. सिलिका काचेचा अपवर्तनांक १५५० नॅनोमीटरला १.४४४, हवेचा १. हा फरक मोठा आहे, म्हणूनच एवढी बारीक तारसुद्धा प्रकाशाला सोडत नाही.

उसाला पाणी पाजताना पाहिलं असेल. पाट रुंद असेल तर पाणी पाटात राहतं. सरी अगदी अरुंद झाली की बांधाच्या पलीकडेही ओल जाते, पण पाणी चालतं सरीच्याच वाटेनं. नॅनोतारेत तसंच होतं. प्रकाशाचा काही भाग काचेत आणि काही भाग तारेला चिकटून बाहेरच्या हवेत, दोन्ही मिळून एकच लहर पुढे सरकते. या बाहेरच्या भागाला इव्हॅनेसंट फील्ड म्हणतात. तार वापरायची ती याच्यासाठीच, आणि तार मरते तीही याच्याचमुळे, कारण बाहेर जे काही चिकटेल ते थेट प्रकाशाच्या वाटेत येतं.

किती बारीक करायची? हिशेब सोपा आहे. तारेच्या जाडीला पायने गुणा, तरंगलांबीने भागा, आणि काचेच्या अपवर्तनांकाच्या वर्गातून १ वजा करून आलेल्या आकड्याच्या वर्गमुळाने गुणा. उत्तर २.४०५ पेक्षा कमी आलं तर तारेत एकच मोड राहतो, म्हणजे प्रकाशाला पुढे सरकायचा एकच नमुना उरतो. १५५० नॅनोमीटरला ही सीमा सुमारे १.१४ मायक्रोमीटर येते. ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाला सुमारे ४७० नॅनोमीटर. या सीमेवर प्रकाशाचा मोठा भाग अजून काचेतच असतो. जाडी सीमेच्या निम्मी केली की चित्र पालटतं, बहुतेक प्रकाश हवेतून चालायला लागतो. म्हणून माझा सल्ला असा: पहिल्या खेपेला १५५० नॅनोमीटरचा प्रकाश घ्या आणि एक मायक्रोमीटरवर थांबा. ५०० नॅनोमीटरचा हट्ट नंतर धरा.

‘नॅनोतार’ म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे आणखी दोन गोष्टी येतात. एक म्हणजे सिलिकॉनच्या चिपवरच्या तारा, २२० नॅनोमीटर उंच आणि साडेचारशे-पाचशे नॅनोमीटर रुंद. त्या कारखान्यात कोरल्या जातात, टेबलावर जमत नाहीत. दुसरी चांदीची नॅनोतार. चांदीच्या कामाची हुपरी शेजारीच असल्यामुळे हा प्रश्न आमच्याकडे दरवर्षी येतो. चांदीच्या तारेवरून प्रकाश इलेक्ट्रॉनांच्या लहरींबरोबर धावतो आणि खूप छोट्या जागेत मावतो, पण धातू त्याला शोषून घेतो आणि काही मायक्रोमीटर ते काही दहा मायक्रोमीटरमध्ये खेळ संपतो. काचेच्या तारेत तो सेंटिमीटरांनी चालतो. शिकायचं असेल तर काच.

सामान कुठून आणायचं

फायबर: फायबर जोडणाऱ्या कोणत्याही कंत्राटदाराकडे रिळाच्या शेवटचे तुकडे पडलेले असतात. मागताना जी.६५२ प्रकारचं मागा. घरोघरच्या जोडणीत जी.६५७ जास्त असतं, ते वाकवायला चांगलं, पण त्यातल्या काहींच्या काचेत कमी अपवर्तनांकाचं एक कडं घातलेलं असतं. ओढताना ते कडं प्रकाशाला मध्येच अडवतं आणि मुलं आपल्या ज्योतीला दोष देत बसतात. आमचे दहा दिवस यातच गेले.

उजेड आणि मोजमाप: हीच मंडळी १५५० नॅनोमीटरचा हातातला लेझर स्रोत आणि पॉवर मीटर वापरतात. दोन पिगटेल (एका टोकाला कनेक्टर बसवलेले फायबरचे तुकडे) घेऊन त्यांच्याच स्प्लायसिंग मशीनवर आपल्या फायबरच्या दोन्ही टोकांना जोडून घ्या. शिवाय तुटलेलं फायबर शोधायचा लाल पेन हवा, ६५० नॅनोमीटरचा. मोजायला तो कामाचा नाही. पण तारेवर धूळ कुठे बसली आहे ते डोळ्यांना दाखवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पॉवर मीटरचा आकडा सेकंदाला दोन-तीनदाच बदलतो, तेवढ्यावर पहिल्या काही तारा निघतात. पुढे जायचं असेल तर इंडियम-गॅलियम-आर्सेनाइडचा फोटोडायोड लावून संगणकावर आलेख काढा. साधा सिलिकॉनचा फोटोडायोड १५५० ला आंधळा असतो, तो आणू नका.

ओढायचं यंत्र: दोन सरकते ठोकळे, विरुद्ध दिशांना जाणारे, प्रत्येकी ०.१ मिलिमीटर प्रति सेकंद या वेगाने. एवढंच. आम्ही उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये दोन गाइड रॉड आणि ठोकळे करून घेतले. मिस्त्रींनी वेग ऐकला आणि म्हणाले, “सर, एवढं हळू जाऊन ही गाडी पोचायची कधी?” एक मिलिमीटर आट्याचा एम-६ रॉड असेल तर मोटर मिनिटाला सहा फेरे घेते. २०० पावलांची स्टेपर मोटर १६ मायक्रोस्टेपवर चालवली तर फेऱ्याला ३२०० पावलं, म्हणजे सेकंदाला ३२०. थ्री-डी प्रिंटरचा स्क्रू वापरणार असाल तर त्याचा लीड आधी मोजा. बाजारात मिळणारे बरेचसे एका फेऱ्यात ८ मिलिमीटर सरकवतात, ते इथे चालणार नाहीत. २ मिलिमीटरवाले चालतात. स्क्रूमधल्या ढिलाईची काळजी नको. आपण शेवटपर्यंत एकाच दिशेला ओढणार आहोत, ढिलाई दिशा बदलताना त्रास देते.

दोन ठोकळ्यांवरच्या खाचा मात्र एका रेषेत हव्यात. इथे मिस्त्रींशी भांडायला लागलं तरी भांडा. एक बाजू पाव मिलिमीटर वर असली तर तार तिरकी ओढली जाते, आणि तिरक्या तारेत प्रकाश नको त्या मोडमध्ये शिरतो. आमचा उपाय असा की दोन्ही खाचा ठोकळे एकत्र बांधून एकाच वेळी कापायच्या. फायबर दाबून धरायला फ्रिजच्या दारावरच्या चुंबकाची पट्टी पुरते.

ज्योत: गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात, सोनारकामाचं सामान विकणाऱ्यांकडे ब्यूटेनचा छोटा टॉर्च मिळतो. त्यावर काम होतं, पण जेमतेम. सिलिका मऊ व्हायला १६०० अंशांच्या पुढे तापमान लागतं, ब्यूटेन आणि साध्या हवेची ज्योत तिथपर्यंत कशीबशी पोचते. ऑक्सिजन जोडलेला सोनारी टॉर्च जास्त गरम आणि स्थिर. मोठ्या प्रयोगशाळांत हायड्रोजन-ऑक्सिजन वापरतात, कारण जळून फक्त पाणी होतं, काजळी धरत नाही. पण वायुवीजन, गळतीची तपासणी आणि जाणतं माणूस नसताना हायड्रोजनचा सिलिंडर खोलीत आणू नका. ब्यूटेनवर हात बसेपर्यंत त्याची गरजही नाही.

डबा

एका मोठ्या पारदर्शक ॲक्रिलिकच्या पेटीत सगळं यंत्र मावलं पाहिजे. वर झाकण, समोर हात घालण्यापुरती दारं, आणि ज्योतीचा धूर जायला वर एक बोटभर फट. पेटी नसेल तर तार होणार नाही असं नाही, पण झालेली तार संध्याकाळपर्यंत राहणार नाही. टेबलाखाली सायकलच्या ट्यूबमध्ये थोडी हवा भरून वर फरशी ठेवली की जिन्यावरून जाणाऱ्या मुलांचे पाय तारेपर्यंत पोचत नाहीत. पंखा बंद. एसी असेल तर तोही.

आता हंगामाचं. पावसाळ्यात तारा ओढू नका, असं मी सरळ सांगतो. ताणलेल्या सिलिकेवर पाण्याची वाफ रासायनिक हल्ला करते, पृष्ठभागावरच्या सूक्ष्म चिरा हळूहळू वाढत जातात आणि कोणी हात न लावता तार तुटते. जुलैत गगनबावड्याकडून ढग येऊन महिनाभर हलत नाहीत तेव्हा आमच्या तारा रात्रीत गेल्या आहेत. हिवाळ्यात हवा कोरडी, पण साखर कारखान्यांचा हंगामही तेव्हाच. गच्चीवरच्या कपड्यांवर पडणारी ती काळी भुकटी तारेवरही पडते. आम्ही निवडलेली वेळ म्हणजे डिसेंबर-जानेवारीत सकाळी सात ते नऊ, खिडक्या बंद, खोली आदल्या संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसलेली. झाडू अजिबात नाही. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, निळ्या गुलाबी झाल्या की बदला.

फायबर सोलणं आणि पुसणं

टोकापासून सोलायचं नाही, मधोमध सुमारे २५ मिलिमीटरची खिडकी काढायची. स्ट्रिपर हलक्या हाताने, एका झटक्यात न ओढता दोन-तीन टप्प्यांत. काचेवर चरा पडला की ती तिथेच तुटणार, त्यामुळे सोलताना शंका आली तर तो तुकडा टाकून द्या. मग धागे न सुटणाऱ्या कागदावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, कागदाखाली काच करकर वाजेपर्यंत. प्लास्टिकचा कणभर थर राहिला तर ज्योतीत तो जळून कार्बन होतो, आणि तयार तारेत लाल पेन लावल्यावर तिथेच एक ठिणगीसारखा ठिपका दिसतो. तो नंतर निघत नाही.

अल्कोहोलची बाटली झाकण लावून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा, मगच टॉर्च पेटवा. कागदसुद्धा बाहेर. फायबरचे तुटके तुकडे मोजून झाकणाच्या बाटलीत टाका. पायात घुसलेला तुकडा दिसत नाही आणि बाहेरही येत नाही. चष्मा घाला. १५५० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून स्रोत चालू असताना कोणत्याही टोकात डोकवायचं नाही. लाल पेनच्या टोकातही नाही.

ज्योत लावणं

ज्योतीचा किती रुंद भाग काच मऊ करतो, यावर पुढचं सगळं गणित उभं आहे. समजा तो पट्टा ५ मिलिमीटरचा आहे आणि ओढताना तो तेवढाच राहतो. मग मधली जाडी घातांकी पद्धतीने कमी होते: एकूण ओढलेली लांबी पट्ट्याच्या दुपटीने भागायची आणि तेवढ्या घाताने जाडी घटते. हातावर धरायचं तर असं की ५ मिलिमीटरच्या पट्ट्यात दर ७ मिलिमीटर ओढल्यावर जाडी निम्मी होते. १२५ वरून ६२, मग ३१, मग सोळाच्या जरा खाली, आठच्या जरा खाली, चारच्या जरा खाली, दोन, आणि ४९ मिलिमीटरवर एक मायक्रोमीटर. ५०० नॅनोमीटरसाठी आणखी सात. दोन्ही बाजूंचा मिळून वेग सेकंदाला ०.२ मिलिमीटर, म्हणजे एक मायक्रोमीटरपर्यंत सुमारे चार मिनिटं.

मोठ्यांदा वाचताना हे फार सोपं वाटतं. प्रत्यक्षात ज्योत किती रुंद तापवते ते पट्टीने मोजता येत नाही, ते तारेलाच विचारावं लागतं. पहिले चार-पाच तुकडे याच कामी घाला. २१ मिलिमीटर ओढा, थांबा, तुकडा मायक्रोस्कोपखाली धरा. मधली जाडी १५-१६ मायक्रोमीटर आली तर पट्टा ५ मिलिमीटरचा. २० आली तर तो पावणेसहाच्या आसपास आहे आणि एक मायक्रोमीटरला ५५ मिलिमीटर ओढावं लागेल. टॉर्च हलला, गॅस भरला, तोटी साफ केली की हे मोजमाप पुन्हा. कंटाळवाणं आहे, पण मुलं इथे पाट्या टाकतात आणि मग शेवटी ‘तार बारीक का होत नाही’ म्हणून येतात.

पट्टा फार अरुंदही नको. ३ मिलिमीटरच्या टोकदार ज्योतीने तार लवकर बारीक होते, पण जाडीचा उतार एकदम तीव्र येतो आणि प्रकाशाला गाभ्यातून काचेत उतरताना ठेच लागते. ५ ते ७ मिलिमीटर बरा. उतार जितका लांब, तितकी गळती कमी.

टॉर्च आधी फायबरपासून दूर पेटवा आणि अर्धा मिनिट स्थिर होऊ द्या. निळी ज्योत हवी, पिवळं टोक दिसलं तर काजळी धरणार. मग खालून किंवा बाजूने सावकाश जवळ आणा. फायबर पांढरट-पिवळं चमकायला लागलं की ते तयार झालं. लालच राहिलं तर तापमान कमी आहे. तशात मोटर चालू केली तर काच ओढली न जाता तुटेल. चमकल्यावर दोन सेकंद थांबून मोटर सुरू.

शेवटची दोन मिनिटं

सुरुवातीला काही घडतच नाही असं वाटतं. पॉवर मीटर हलत नाही, फायबर तसंच दिसतं. १५-२० मिलिमीटरनंतर आकडा वरखाली व्हायला लागतो. घाबरू नका. प्रकाश आता गाभा सोडून अख्ख्या काचेत आला आहे, दोन मोड एकमेकांशी कधी जुळतात, कधी विरुद्ध पडतात, आणि बाहेर येणाऱ्या प्रकाशाची पातळी झुलते. जसजशी तार बारीक होते तसतशी ही झुल जलद होत जाते. आलेखावर ती फार देखणी दिसते.

आणि मग ती एकदम थांबते. या क्षणासाठी सगळं बसवलेलं आहे. झुल थांबली याचा अर्थ दुसऱ्या मोडला तारेत जागाच राहिली नाही. सरळ, समतोल ओढलेल्या तारेत १५५० नॅनोमीटरला हे साधारण १.८ मायक्रोमीटरवर होतं. ओढ थोडी वाकडी असेल तर बारीक थरथर १.१ मायक्रोमीटरपर्यंत चालू राहते. म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप नसतानाही तार स्वतःच आपली जाडी सांगते. साधा मायक्रोस्कोप तर एक मायक्रोमीटरपाशी हात टेकतो, कारण तोही प्रकाशावरच चालतो. मुलांना हे पहिल्यांदा दिसतं तेव्हा खोलीत कोणीतरी हमखास ‘नाद खुळा’ म्हणतं.

या टप्प्यात ज्योतीचा वाराच तारेचा शत्रू होतो. तीन मायक्रोमीटरच्या खाली गेलेली तार ज्योतीच्या झोताने धनुष्यासारखी वर फुगते. गॅस किंचित कमी करा किंवा टॉर्च अर्धा मिलिमीटर मागे घ्या. हे हाताने न करता स्क्रूवर करा, हात थरथरतो.

थांबताना क्रम महत्त्वाचा: आधी ज्योत बाजूला, मग लगेच मोटर बंद. उलट केलं तर थांबलेली तार ज्योतीत वितळून तुटते. दहा सेकंद थंड होऊ द्या आणि मग ठोकळे त्याच दिशेला काही दहा मायक्रोमीटर सरकवा, तार जेमतेम सरळ होईपर्यंत. सैल तार हवेच्या हलक्या झोताने ठोकळ्याला लागते आणि लागली की सुटत नाही. एवढ्या लहान वस्तूंना पृष्ठभागांचं आपसातलं आकर्षणच गोंदासारखं धरून ठेवतं.

आता मोजा. सुरुवातीच्या पातळीपेक्षा अर्धा डेसिबल कमी म्हणजे सुमारे ९० टक्के प्रकाश पार, फार चांगलं. ३ डेसिबल म्हणजे निम्मा, पहिल्या महिन्यात तेही चालेल. १० डेसिबल गेले असतील तर लाल पेन लावा. एका जागी ठिपका तेजाळला तर धूळ किंवा कार्बन. उताराची एक बाजू लांबलचक लाल दिसली तर उतार तीव्र आहे किंवा खाचा रेषेत नाहीत.

तार उचलायची कशी

यंत्रावरून तार सोडवून बाजूला ठेवू असा विचारही नको. यंत्रावरच तिला चौकट द्यायची. ॲल्युमिनियमची यू-आकाराची पट्टी, आतलं अंतर ८० मिलिमीटरच्या आसपास, खालून सावकाश वर आणायची, दोन्ही बाजूंना जिथे फायबर अजून पूर्ण जाडीचं आहे तिथे अतिनील प्रकाशाने पक्का होणारा गोंद एकेक थेंब. बारीक भागाला गोंद लागला तर प्रकाश तिथेच संपला. गोंद पक्का झाल्यावर चुंबकपट्ट्या काढा आणि चौकट झाकणाच्या डब्यात.

दुसरी हमखास चूक अशी: निरीक्षणासाठी तार काचेच्या स्लाइडवर ठेवली जाते. स्लाइडच्या काचेचा अपवर्तनांक दीडच्या आसपास, आपल्या तारेपेक्षा जास्त. बाहेर पसरलेला प्रकाश स्लाइडमध्ये गळून जातो आणि मीटर शून्याकडे धावतो. आधार द्यायचाच असेल तर मॅग्नेशियम फ्लोराइडचा द्या, त्याचा अपवर्तनांक १.३८. नाहीतर तार हवेतच लटकती राहू द्या.

ही सगळी विद्या तशी जुनी. १८८७ साली चार्ल्स व्हर्नन बॉइज यांनी वितळलेल्या क्वार्ट्झला बाण चिकटवला, आडव्या धनुष्यातून सोडला, आणि मागे मायक्रोमीटरांत मोजावा असा धागा राहिला. त्यांना तो नाजूक मोजमापांत वस्तू टांगायला हवा होता, प्रकाशाचा विचारही नव्हता. प्रकाशासाठी ही वाट खुली झाली २००३ साली, लिमिन टोंग, एरिक मेझर आणि सहकाऱ्यांनी ५० नॅनोमीटरपर्यंत बारीक सिलिकाच्या तारा ओढल्या तेव्हा. त्यांची युक्ती दोन पायऱ्यांची होती: आधी ज्योतीत मायक्रोमीटरची तार, मग ती नीलमण्याच्या टोकावर गुंडाळून ते टोक तापवायचं आणि तिथून पुन्हा ओढायचं. टोक उष्णता स्थिर ठेवतं, ज्योतीचा झोत तारेपर्यंत येत नाही. टेबलावर ५०० नॅनोमीटरच्या खाली जायचं असेल तर तो मार्ग बघा.

तार झाली, आता काय करायचं

सगळ्यात सोपा प्रयोग म्हणजे दुसरी तार. ओढताना तुटलेल्या तारेचा अर्धा भाग घ्या, त्याची बारीक शेपटी पहिल्या तारेला समांतर हळूच टेकवा. दोन्ही आपोआप एकमेकींना चिकटतात आणि लाल प्रकाश एका तारेतून दुसरीत उतरलेला डोळ्यांनी दिसतो. ना जोड, ना गोंद, ना लेन्स. शेपटी किती लांब चिकटली आहे ते बदललं की किती प्रकाश पलीकडे गेला तेही बदलतं.

त्यानंतर गाठ. शेपटी मोकळी असलेली तार सुईच्या टोकांनी वळवून काही मिलिमीटरचं वेटोळं करा. प्रकाश वेटोळ्यात पुन्हा पुन्हा फिरतो आणि ठराविक तरंगलांब्यांना अडकतो. ते बघायला तरंगलांबी बदलणारा लेझर लागतो, तो नसेल तर वेटोळं नुसतंच बघण्यापुरतं. तारेला वाकायची भीती नसते. जाड फायबर बोटाभोवती गुंडाळलं तरी गळायला लागतं; ही तार त्याच्या कितीतरी पट छोट्या वळणात प्रकाश धरून ठेवते.

आमच्याकडे सगळ्यात जास्त चालतो तो आर्द्रतेचा प्रयोग, कदाचित पावसाळ्यावरचा राग काढायला. पातळ जिलेटिनचा थेंब सुईवर घेऊन तारेच्या बारीक भागावरून एकदाच ओढायचा आणि रात्रभर वाळू द्यायचा. कोरड्या जिलेटिनचा अपवर्तनांक सिलिकेपेक्षा जास्त असतो, पाणी शोषलं की तो खाली येतो, त्यामुळे बाहेरच्या प्रकाशाची गळती बदलते. पातळी वाढेल की उतरेल ते थराच्या जाडीवर ठरतं, म्हणून प्रत्येक तारेचा आलेख वेगळा काढावा लागतो. पेटीत मिठाच्या संपृक्त द्रावणाची वाटी ठेवली की बंद हवेत आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिर होते. तो एक खूणगाठीचा बिंदू. दुसरा बिंदू ताज्या सिलिका जेलचा. तिसऱ्यासाठी तारेवर लांबूनच हळू फुंकर घाला, मीटर लगेच उत्तर देतो.

वहीत प्रत्येक तारेसमोर पाच गोष्टी लिहा: तारीख, खोलीतली आर्द्रता, ओढलेली लांबी, झुल कुठल्या मिलिमीटरला थांबली, आणि ज्योत काढल्यावरची पातळी. मग दर तासाला पातळी पुन्हा. झाकलेल्या डब्यातली आमची सर्वांत चांगली तार जानेवारीत अकरा दिवस टिकली. बाराव्या दिवशी एका पाहुण्यांना दाखवायला म्हणून झाकण उघडलं.